बारा सेकंदांचा वारा

मे महिना आहे. सकाळचे साडेआठ वाजलेत आणि मुंबईची हवा आत्ताच अंगाला चिकटायला लागली आहे. अभियांत्रिकी संस्थेच्या फाटकापासून प्रयोगशाळांकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुलमोहराचा सडा पडलाय. एरवी या वेळी इथे सायकलींची झुंबड असते. आज रस्ता मोकळा आहे. परीक्षा संपल्या, बी.टेक.ची मुलं घरी गेली. मागे राहिलेत एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाचे आणि पीएच.डी.चे. विंड टनेल मोकळं मिळतं, मशीनवर नंबर लवकर लागतो, म्हणून त्यांच्या कामाचे खरे दिवस हेच.

डावीकडे मेकॅनिकलची इमारत, उजवीकडे एरोस्पेसची. पाट्या वेगळ्या, पण मुलं दोन्हीकडे ये-जा करत असतात. इकडे उष्णता कशी वाहते ते शिकायचं, तिकडे त्याच उष्णतेनं तापणारं इंजिनाचं पातं तपासायचं. दोन्हींच्या मधे वर्कशॉपची लांबलचक शेड आहे. मी आधी तिकडे वळतो.

पत्र्याखाली उकाडा दाटलाय. भिंतीवरचे मोठे पंखे फिरताहेत, पण गरम हवाच इकडून तिकडे ढकलताहेत. कूलंटचा तेलकट वास नाकात भरतो. एका लेथवर पितळेचा दांडा फिरतोय, पायाशी सोनेरी कीस साचलाय. कोपऱ्यात मात्र एक छोटी काचेची खोली आहे. तिथे एसी चालू आहे, कारण मोजमाप तिथे होतं. उन्हात धातू वाढतो आणि मोजमाप चुकतं.

त्या खोलीत काळ्या ग्रॅनाइटच्या सपाट शिळेपाशी वर्कशॉपचे काका उभे आहेत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. समोर पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाची मुलगी, मूळची कऱ्हाडकडची.

“काका, झाली का पाचर?”

“झाली. पण हात लावू नकोस. आधी पूस.”

ती ॲसिटोननं भिजवलेल्या फडक्यानं तळहाताएवढी पोलादी पाचर पुसते. हिचं टोक वाऱ्याकडे करून ती स्वनातीत टनेलमध्ये बसवायची आहे. मधल्या रेषेपासून वरचा उतार १० अंश, खालचा उतार १० अंश. कागदावर दोन रेघा मारल्या की झालं. पोलादात ते उतरलंय का, हे आता बघायचं.

काका साइन बार काढतात. सारख्या जाडीच्या दोन रुळांवर बसवलेली ही पोलादी पट्टी. दोन रुळांच्या केंद्रांमधलं अंतर बरोबर १०० मिलिमीटर. एका रुळाखाली उंची दिली की पट्टी हव्या त्या कोनात कलते. १० अंशांसाठी उंची हवी १७.३६५ मिलिमीटर. लाकडी पेटीतून स्लिप गेजचे चार ठोकळे निघतात : १.००५, १.३६, ५ आणि १०. काका ते एकमेकांवर घासून किंचित फिरवतात. ना डिंक, ना चुंबक, पण ठोकळे एकमेकांना चिकटून राहतात, इतके ते सपाट आहेत.

पाचर पट्टीवर ठेवली जाते. वरचा उतार आता आडवा झालाय. डायलचं टोक त्यावरून हलके सरकतं. ५० मिलिमीटरच्या प्रवासात काटा एक घर हलतो. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. कोनात सांगायचं तर अंशाच्या साठाव्या भागाहूनही कमी. मुलगी आकडा वहीत लिहिते. मग पाचर उलटी करून खालचा उतार. पुन्हा तेच. पुन्हा आकडा.

“आता भोकाचा काठ बघ,” काका भिंग पुढे करतात.

उतारावर अर्ध्या मिलिमीटरचं एक भोक आहे. तिथला हवेचा दाब त्यातून नळीवाटे बाहेर यायचा आहे. ड्रिल मारताना काठावर बारीकशी कड उभी राहते, तिला इथे सगळे ‘बर’ म्हणतात. डोळ्यांना ती दिसत नाही, पण वाऱ्याला लागते. वारा तिथे अडखळतो आणि दाब चुकीचा येतो. मुलगी भिंगातून बघते, नख फिरवते, पुन्हा बघते. “थोडी आहे, काका.” काका काही बोलत नाहीत. लाकडी काडीच्या टोकाला पॉलिशची पेस्ट लावून ते भोकाच्या तोंडाशी ती फिरवत राहतात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नसेल, पण इथल्या कित्येक थीसिसमधले आकडे याच हातांखालून गेलेत. मुलांना ते ठाऊक असतं.

रस्ता ओलांडून एरोस्पेसच्या इमारतीत शिरतो. तळमजल्यावर कमी वेगाचं टनेल आहे. हॉलभर पसरलेलं. एका टोकाला घंटेच्या तोंडासारखा पसरट लाकडी कर्णा, हवा आत घेणारा. त्याच्या मागे षटकोनी खणांची जाळी, मग तारेच्या बारीक जाळ्या, मग आकसत जाणारा भाग, आणि मधोमध ॲक्रिलिकची पारदर्शक खोली. पलीकडे पंखा आणि मोटर. जाळ्यांचं काम हवेतली घुसळ मोडायचं. आत येताना हवा कशीही आली तरी त्या पारदर्शक खोलीत ती सरळ आणि शांत हवी.

खोलीत पंखाचा एक तुकडा उभा आहे. पंख म्हणजे विमानाचा, कॉर्ड, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी, १५० मिलिमीटर. लातूरचा एम.टेक.चा मुलगा त्याच्यावर लोकरीचे धागे चिकटवतोय. बोटभर लांबीचे, लाल आणि पिवळे, ओळीनं. प्रत्येकाच्या पुढच्या टोकाला चिकटपट्टीचा इवलासा तुकडा. चिमट्यानं उचलायचा, ठेवायचा, दाबायचा. कपाळावरचा घाम तो बाहीनं टिपतो, कारण थेंब पंखावर पडला तर पृष्ठभाग पुन्हा पुसावा लागेल.

दार बंद होतं. स्विच ओढला जातो. मोटर घुमायला लागते आणि पायाखालची फरशी बारीक थरथरते. भिंतीवरच्या मॅनोमीटरमध्ये रंगीत पाणी चढतं आणि ५३ मिलिमीटरच्या फरकावर स्थिर होतं. म्हणजे आत वारा सेकंदाला ३० मीटर, ताशी १०८ किलोमीटर. धागे पंखावर ताठ झोपलेत. एकही हलत नाही.

मुलगा खालचं चाक फिरवतो. दोन अंश, चार अंश, सहा. पंखाचं नाक वर उचललं जातंय. पडद्यावर उचल वाढतेय. आठ अंशांपर्यंत धागे जागच्या जागी. अकराव्या अंशाला मागच्या ओळीतले तीन-चार थरथरायला लागतात. बाराव्याला ती थरथर पुढे सरकते. आणि तेराव्या अंशाला मागचे सगळे धागे एकदम उलटे फिरतात, टोकं वाऱ्याच्या दिशेनं वर करून फडफडतात. हवेनं पंखाची पाठ सोडली. पडद्यावरचा उचलीचा आकडा खाली कोसळतो. पुस्तकात याला स्टॉल म्हणतात आणि एका आलेखात तो उरकतो. इथे तो डोळ्यांसमोर घडतोय.

“आता परत खाली येऊया,” मुलगा म्हणतो. चाक उलटं फिरतं. तेरा, बारा. धागे अजून फडफडताहेत. अकरा, तरीही तेच. वर जाताना हवा जिथे सुटली, खाली येताना ती तिथे पुन्हा चिकटत नाही. आणखी खाली यावं लागतं. म्हणून एकाच कोनाला दोन उत्तरं मिळतात, आणि आपण कुठल्या वाटेनं आलो हे वहीत लिहिलं नाही तर दोन्हींना अर्थ राहत नाही. तो कोनाशेजारी बाण काढतो : वर जाताना, खाली येताना.

त्याच्यापुढे आणखी एक अडचण आहे. वेग आणि आकार मिळून ठरणारा रेनॉल्ड्स अंक या टनेलमध्ये पावणेतीन लाखांच्या आसपास. मोठ्या प्रवासी विमानाच्या पंखावर तो कोटींच्या घरात असतो. अंक लहान असला की पंखालगतचा हवेचा पातळ थर वेगळा वागतो. म्हणून दुपारी तो पंखाच्या पुढच्या कडेवर कार्बोरंडमच्या दाण्यांची एक बारीक पट्टी लावणार आहे. दाण्यांना अडखळून तो थर लवकर खळबळेल, मोठ्या विमानावर खळबळतो तसा. मग हीच मोजणी पहिल्यापासून. आज चिकटवलेले धागे काढायचे, पृष्ठभाग पुसायचा, पुन्हा लावायचे. तो हे सगळं एका दमात सांगतो. आवाजात कुरकुर नाही.

हॉलच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की ऊन डोळ्यांवर येतं. इथे पांढऱ्या रंगाची आडवी टाकी आहे, दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी मावतील एवढ्या व्यासाची. शेजारच्या शेडमध्ये कंप्रेसर धडधडतोय. त्या आवाजात बोलायचं तर कानाशी यावं लागतं. टाकीवरच्या डायलचा काटा हळूहळू चढतोय. दोन बार. सव्वादोन. भरायला ४० मिनिटं लागतात. मघाची मुलगी इथेच आहे. पाचर तिनं आत स्वनातीत टनेलमध्ये बसवलीय, आणि आता वाट बघणं चाललंय.

वाट बघणं म्हणजे बसून राहणं नव्हे. कंप्रेसर आणि टाकी यांच्यामध्ये दोन उभे स्तंभ आहेत. आत हवेतली वाफ शोषणारे दाणे. स्तंभाला छोटी काचेची खिडकी आहे. खिडकीतले दाणे निळे असले तर हवा कोरडी, गुलाबी झाले तर दमट. मुंबईच्या मे महिन्यात ते पटकन गुलाबी होतात. टेक्निशियन दादा दर पाच मिनिटांनी खिडकीपाशी जाऊन बघून येतात. कोरडेपणाचा एवढा आग्रह कशासाठी? आत हवा आवाजाच्या दुप्पट वेगानं पळणार आहे. पळता पळता ती थंड होते. बाहेर ३३ अंश असलं तरी चाचणीच्या जागी तापमान उणे १०० अंशांच्याही खाली जातं. वाफ असली तर तिथे तिचे कण होतात, वाहणाऱ्या हवेत उष्णता सोडतात, आणि मग मोजतोय ते पाचरेमुळे की वाफेमुळे हेच कळत नाही.

आत अंधार केलाय. चाचणीच्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना दोन अंतर्वक्र आरसे आहेत. एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या आधी, जिथे प्रकाश एका बिंदूत गोळा होतो तिथे, एक दाढीचं पातं उभं केलंय. पात्यानं अर्धा प्रकाश कापायचा. आत हवेची घनता बदलली की किरण किंचित वळतो. पात्यावर आदळला तर काळी रेघ, चुकवून गेला तर उजळ रेघ. या मांडणीला श्लीरेन म्हणतात. मुलगी स्क्रू केसभर फिरवते, पडद्यावरचा करडा रंग सगळीकडे सारखा होईपर्यंत. मग ती हात आरशांच्या मधे धरते. पडद्यावर बोटांच्या टोकांतून उष्ण हवेचे पट्टे वर जाताना दिसतात. मांडणी जुळली.

ती पाचरेवर कोनमापक ठेवते. ०.० अंश. वहीत लिहिते. सिरिंजनं नळीत दाब भरते आणि मिनिटभर आकड्याकडे बघते. उतरत नाही, म्हणजे गळती नाही. तेही वहीत. वहीचं पान आधीच अर्धं भरलंय : तारीख, खोलीचं तापमान, वातावरणाचा दाब, दाण्यांचा रंग, कोण हजर. वारा अजून सुटलेलाच नाही.

“नऊ बार,” बाहेरून हाक येते.

कंप्रेसर बंद होतो. एकदम शांतता. लाल दिवा लागतो. सगळे कानांवर जाड मफ चढवतात, मीही चढवतो. टेक्निशियन दादा व्हॉल्व्हच्या पॅनेलपाशी. ते मुलीकडे बघतात, ती मान हलवते.

आवाज कानातून येत नाही, छातीतून येतो. पडद्यावर क्षणभर सगळं काळंपांढरं ढवळून निघतं. सुरुवातीचा शॉक, म्हणजे दाब एकदम वाढवणारी लाट, टनेलमधून पुढे जाताना पाचरेला दणका देतो, धारक हादरलेला दिसतो. आणि मग चित्र स्थिरावतं. पाचरेच्या टोकातून दोन सरळ काळ्या रेघा निघाल्यात, एक वर, एक खाली. हवा तिथवर येईपर्यंत तिला पुढे पाचर आहे याचा पत्ताच नसतो, कारण आवाज तिच्या पुढे पळू शकत नाही. त्या रेघेवर, म्हणजे शॉकवर, तिला एकदम वळावं लागतं. सेकंदाला ५०० मीटरहून अधिक वेगानं वाहणारी हवा, आणि पडद्यावर रेघ जराही हलत नाही. कॅमेरा टिपत राहतो. कोणी बोलत नाही. टाकीचा काटा डोळ्यांदेखत उतरतोय. दहा. अकरा. बारा.

व्हॉल्व्ह बंद. मफ काढल्यावर कान सुन्न. मुलगी सगळ्यात आधी पाचरेपाशी जाते. कोनमापक पुन्हा. ०.० अंश. तेही वहीत. ४० मिनिटं हवा भरली, १२ सेकंद वारा वाहिला. बाहेर कंप्रेसर पुन्हा धडधडायला लागतो.

दीड वाजता कँटीनच्या पत्र्याखाली रांग आहे. पुरीभाजी, उसळपाव, ताक. टेबलं चिकट, पंखे जुने. पोरं एकमेकांना विचारतात ते ‘कसा आहेस’ असं नाही. “कन्व्हर्ज झालं का?” “टनेल मिळालं का?” “गाइड भेटले का?” लातूरचा मुलगा माझ्यासमोर येऊन बसतो. दहावीपर्यंत शाळा मराठी. जिल्ह्याच्या ठिकाणी बी.ई. मग गेट ही प्रवेश परीक्षा, तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. पहिल्या वर्षी स्कोअर पुरला नाही, दुसऱ्या वर्षी पुरला. एम.टेक.ला महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड. त्याबद्दल आठवड्याचे आठ तास टीए ड्युटी : बी.टेक.च्या मुलांची प्रॅक्टिकलं घ्यायची, जर्नलं तपासायची. त्याच्या वर्गातली मुलं हिंजवडीला आयटीत लागलीत. घरून फोन येतो तेव्हा वडील एवढंच विचारतात, “अजून किती?”

“तू काय सांगतोस?”

“जुलैत वायवा आहे म्हणतो. त्यांना तारीख सांगितली की बरं वाटतं.”

शेजारच्या टेबलावरचा पीएच.डी.चा मुलगा ऐकतोय. त्याला तारीख सांगता येत नाही. २०२३ पासून पीएच.डी.च्या मुलांना पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. पण पाच वर्षांनंतर काय, हे काम कुठवर आलंय त्यावर. आणि काम कुठवर आलंय, हे कधी कधी यंत्र ठरवतं. तो ताकाचा ग्लास रिकामा करतो आणि उठतो. त्याचा जॉब, म्हणजे संगणकावरची आकडेमोड, रांगेत आहे.

ती रांग बघायला त्याच्याबरोबर जिना चढतो. वरची खोली गार आहे. काचेपलीकडे संगणकांची कपाटं, हिरवे दिवे लुकलुकताहेत, पंख्यांचा एकसुरी आवाज. बाहेर ३३ अंश आणि इथे मुलं पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून बसलीत. अमरावतीच्या या मुलाचा विषय जेट इंजिनाच्या टर्बाइनचं पातं. पात्यावर येणारा वायू १५०० अंश सेल्सिअसच्या वर असू शकतो. पातं ज्या निकेलच्या मिश्रधातूचं असतं तो त्याच्या आधीच वितळेल. वितळत नाही, कारण पात्याला बारीक भोकं असतात आणि त्यांतून तुलनेनं गार हवेचा पापुद्रा पात्यावर पसरवलेला असतो. भोकाचा कोन थोडा बदलला तर तो पापुद्रा पात्याला चिकटतो की सुटून वर जातो, एवढाच याचा प्रश्न आहे. त्यात त्याची चार वर्षं गेलीत.

पडद्यावर यादी. कोणाचा जॉब चालू, कोणाचा थांबलेला. याचा अकरावा नंबर. आदल्या आठवड्यात एक जॉब ६० तास चालला आणि मग मेला. मुलं ‘मेला’ असंच म्हणतात. आकडे फुगत गेले आणि अनंताला टेकले. आता त्यानं काळाची पायरी अर्ध्यावर आणलीय, म्हणजे तेवढ्याच गणिताला दुप्पट वेळ. तीच आकडेमोड तो हवेची जागा लहान खणांत तोडणाऱ्या तीन जाळ्यांवर करतोय : २० लाख खण, ४५ लाख खण, एक कोटी खण. तिन्हींची उत्तरं एकमेकांच्या जवळ आली तरच ते उत्तर हवेचं. नाहीतर ते जाळीचं.

“सगळी खळबळ जशीच्या तशी, अगदी लहानात लहान भोवऱ्यासकट सोडवायची तर?” मी विचारतो.

तो फळ्यावर लिहून दाखवतो. खणांची संख्या रेनॉल्ड्स अंकाच्या सव्वादोन घाताच्या प्रमाणात वाढते. अंक दहापट झाला की खण १७८ पट. आणि तेवढ्या बारीक खणांसाठी काळाच्या पायऱ्याही जास्त. “म्हणून अजून टनेल लागतं,” तो म्हणतो आणि यादीकडे बघतो. दहावा नंबर.

खाली उतरताना जिन्याशेजारच्या दारामागून एक बारीक गुणगुण ऐकू येते. ही थकवा-चाचणीची खोली. माणसाला थकवा येतो तसा धातूलाही येतो. यंत्राच्या दोन जबड्यांत ॲल्युमिनियमची पट्टी. जबडा ओढतो, सोडतो. सेकंदाला २० वेळा. डोळ्याला पट्टी स्थिरच दिसते, फक्त गुणगुण आणि पडद्यावर धावणारा आकडा : ७१ लाख ४० हजार. मोजायचं आहे एक कोटीपर्यंत. सेकंदाला २० म्हणजे पाच लाख सेकंद. पाच दिवस आणि जवळजवळ एकोणीस तास. मधे वीज गेली तर यंत्र आपोआप थांबतं, पण कोणीतरी बघायला हवं. म्हणून कोपऱ्यात सतरंजी गुंडाळून ठेवलीय आणि खिडकीत टूथब्रश.

भिंतीवर एक जुनं चित्र आहे, चौकोनी खिडक्यांच्या विमानाचं. १९५४ साली कॉमेट जातीची दोन जेट विमानं काही महिन्यांच्या अंतरानं हवेत फुटली. मग इंग्लंडमध्ये त्याच जातीच्या एका विमानाचं धड पाण्याच्या मोठ्या टाकीत बसवून त्याच्या आत पुन्हा पुन्हा दाब भरला, सोडला. आधीची उड्डाणं धरून सुमारे तीन हजार वेळा दाब सोसल्यावर ते खिडकीच्या कोपऱ्याशी फाटलं. या खोलीतल्या यंत्राची गुणगुण त्याच कामाची आहे. एका पट्टीचा जीव किती हे मोजून भागत नाही. त्याच ताणाखाली तशीच दुसरी पट्टी लावली तर ती कधी दुप्पट टिकते, कधी निम्मी. म्हणून टेबलावर तशाच आणखी पट्ट्या क्रमांक घालून रांगेत ठेवल्यात. प्रत्येकीचे पाच-सहा दिवस.

साडेचार वाजता दुसऱ्या मजल्यावर प्रगती सेमिनार. छोटी खोली, लांब टेबल, एसीचा आवाज. समितीत तीन प्राध्यापक, मागे आठ-दहा विद्यार्थी. मी शेवटच्या खुर्चीवर बसतो. सकाळची मुलगी समोर उभी आहे. कपडे बदललेत, पण बोटांवर पॉलिशचा काळा डाग तसाच. वीस मिनिटं ती न अडखळता बोलते. इंग्रजी हळू, स्वच्छ, वाक्यं तोकडी. शेवटच्या स्लाइडवर सकाळच्या रनचा फोटो.

माख २, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेग, आणि १० अंशांची पाचर. सिद्धांतानुसार शॉकचा कोन ३९.३ अंश. तिनं दुपारी फोटोवरून मोजलेला वरचा शॉक ३९.९, खालचा ३८.८. सरासरी ३९.३५.

मागच्या खुर्च्यांवरून समाधानाचा सुस्कारा येतो. सिद्धांताशी जुळलं. इथे थांबलं तरी चालेल असं कोणालाही वाटावं.

मधे बसलेल्या मॅडम चष्मा काढतात. “फोटोवरून कोन मोजताना चूक किती धरली आहेस?”

“०.३ अंश, मॅडम. दोन्ही बाजूंना.”

“आणि वरचा आणि खालचा यांच्यात फरक?”

“१.१.”

“म्हणजे फरक चुकीहून मोठा आहे.”

“हो. तो खरा आहे.”

खोलीत हालचाल थांबते. सरासरीत जो फरक पुसला गेला होता तो आता फळ्यावर उभा आहे. १.१ अंशांचा फरक म्हणजे पाचर वाऱ्याला अर्ध्या अंशानं तिरकी. दुसरे प्राध्यापक एकेक करून विचारायला लागतात. पाचरच वाकडी घडली असेल? ती वही उघडते, साइन बारचे आकडे वाचते. दोन्ही उतार अंशाच्या साठाव्या भागाच्या आत बरोबर. बसवताना तिरकी बसली? कोनमापक ०.०. दणक्यानं हलली? रननंतरही ०.०. कोनमापकाचा शून्य कशाच्या संदर्भात? टनेलच्या तळाच्या. आणि टनेलचा तळ हवेच्या दिशेला समांतर आहे हे कोणी मोजलंय?

ती थांबते. “अजून नाही, सर.”

उत्तर प्रामाणिक आहे आणि कोणी तिला घालूनपाडून बोलत नाही. मॅडम पुढे वाकतात. आवाज आता परीक्षकाचा नाही, बरोबर काम करणाऱ्या माणसाचा आहे. “मग काय करशील?”

मुलगी खडू उचलते. पाचर काढते आणि शेजारी तीच पाचर उलटी काढते, पोट वर, पाठ खाली. धारकासकट उलटी बसवायची. दोष पाचरेत किंवा बसवण्यात असेल तर पाचरेबरोबर तोही उलटा होईल. मोठा कोन आता खाली येईल. दोष वाऱ्यात असेल, वाराच अर्धा अंश तिरका येत असेल, तर पाचर कशीही बसवा, मोठा कोन वरच राहील. “तीन रन सरळ, तीन रन उलटे,” ती म्हणते. “एका रनवर बोलणार नाही.”

मागच्या रांगेत लातूरचा मुलगा वहीत काहीतरी लिहून घेतोय. त्यानंही पंख कधी उलटा बसवून बघितलेला नाही.

समिती शेरा लिहिते. काम समाधानकारक; टनेलमधल्या प्रवाहाची दिशा मोजून पुढे जावं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, जुळलेलं उत्तर हातात असताना पोरीचा आठवडा वाढवला. मला तसं वाटत नाही. पुढे कधीतरी ही मुलगी एखाद्या प्रक्षेपकाच्या किंवा विमानाच्या आराखड्यावर सही करेल. तिच्या सहीच्या भरवशावर माणसं बसतील. तेव्हा समोर आलेला आकडा पुस्तकाशी जुळतोय म्हणून ती थांबणार नाही, ही सवय तिला इथेच लागतेय. वरच्या पदवीचं शिक्षण मला यातच दिसतं. बाकीचं पुस्तकात आहे.

सेमिनार संपतो. अभिनंदन, पाण्याच्या बाटल्या, खुर्च्या सरकवल्याचा आवाज. ती थेट तळमजल्यावर जाते. टनेलच्या दाराशी दोरीनं बांधलेलं रजिस्टर आहे, त्यात पुढच्या दिवसांची नावं लागलेली. ती पानावर बोट फिरवते. उद्याची पूर्ण सकाळ भरलेली. परवाची मोकळी. सहा रन म्हणजे सगळा मिळून ७२ सेकंद वारा, आणि टाकी भरायलाच चार तास. मधे पाचर उलटी करायची, पुन्हा कोन मोजायचा, पुन्हा गळती बघायची. ती सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंतचा चौकोन भरते.

टेक्निशियन दादा हात पुसत बाहेर येतात आणि तिच्या खांद्यावरून रजिस्टर वाचतात.

“सहा?”

“सहा, दादा. होतील ना?”

“दाणे आज रात्रीच तापवून कोरडे करायला लावतो. परवा कंप्रेसर साडेसहालाच सुरू करीन. सात वाजून दहा मिनिटांनी पहिला रन. तू वर्कशॉपला आत्ताच सांगून ये, उलटं बसवायचं तर धारकाला दोन भोकं नवीन मारावी लागतील.”

ती घड्याळ बघते आणि वर्कशॉपच्या दिशेनं पळत सुटते. शेड सहाला बंद होते.